अ‍ॅडजेक्टिव्ह लावू की अ‍ॅडव्हर्ब? मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी संध्याकाळी इंग्रजी ग्रामरच्या बॅच घेते. आठवी ते दहावीची मुलं असतात, एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी असतात, मध्येच एखादी ताई येते जिला फक्त ऑफिसचा ईमेल नीट लिहायचा असतो. सगळ्यांचं एका जागी अडतं, गुड लिहू की वेल, स्लो की स्लोली, बॅड की बॅडली. तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच ठेवूया. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिलीयेत, मोठ्याने वाचा, कानाला सवय लागली की हाताला आपोआप लागते.

दोघांत फरक काय, एकदा सोप्यात सांगा ना.

अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, ते नामाबद्दल नाहीतर सर्वनामाबद्दल सांगतं. अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, पण त्या नावावर जाऊ नका, ते फक्त क्रियापदापुरतं नसतं, ते विशेषणावरही बसतं, दुसऱ्या क्रियाविशेषणावरही बसतं आणि कधी अख्ख्या वाक्यावर. 'अ केअरफुल ड्रायव्हर' यात केअरफुल हा त्या माणसाचा गुण आहे, 'ही ड्राइव्ह्ज केअरफुली' यात चालवण्याची पद्धत आहे आणि 'एक्स्ट्रीमली केअरफुल' यात एक्स्ट्रीमली हे केअरफुललाच चिकटलंय. शब्द लिहायच्या आधी एवढंच विचारायचं, हा कोणाला चिकटलाय? माणसाला, वस्तूला, जागेला चिकटला असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह, बाकी कशालाही चिकटला असेल तर अ‍ॅडव्हर्ब.

व्याख्या तर पाठ आहे, तरी लिहिताना चुकतंच. असं का होतं?

कारण आपली मराठी. हे मला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी नीट उमगलं आणि तेव्हापासून मी सुरुवातच इथून करते.

मराठीत आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते, ती मुलं चांगली गातात. आता बघा, 'चांगला' हे खरं तर गाण्याबद्दल आहे, गाणाऱ्याच्या स्वभावाबद्दल नाही, पण लिंग आणि वचन मात्र गाणाऱ्याचं घेतलंय. 'त्याने गाडी चांगली चालवली' म्हटलं की तेच 'चांगली' गाडीप्रमाणे बदललं, गाडी चांगली आहे असं आपल्याला म्हणायचंच नव्हतं. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आणि कपडे विशेषणाचे. आणि छान, मस्त, सुंदर हे शब्द तर दोन्हीकडे जसेच्या तसे चालतात, छान गाणं आणि छान गाते, सुंदर अक्षर आणि सुंदर लिहिते. लहानपणापासून डोक्यात हे असंच बसलंय की एक शब्द दोन्ही कामं करतो, आणि इंग्रजी मात्र बहुतेक वेळा दोन वेगळी रूपं मागते, ब्यूटिफुल साँग पण सिंग्ज ब्यूटिफुली. म्हणून 'शी सिंग्ज गुड' असं लिहिणाऱ्या मुलाला मी कधी ढ म्हणत नाही, त्याने मराठी अगदी बरोबर वाचलेली असते, फक्त इंग्रजीत उतरवताना ते वेगळं रूप घ्यायचं राहून जातं.

आम्हाला शाळेत शिकवलं, 'कसा' असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं की ते क्रियाविशेषण. मग ते लूक आणि टेस्टला का चालत नाही?

कारण 'कसा' हा प्रश्न मराठीत दोघांनाही विचारता येतो. तो कसा पळतो? जोरात. आंबा कसा आहे? गोड. पहिलं उत्तर क्रियाविशेषण, दुसरं विशेषण, प्रश्न तोच. ही युक्ती निम्म्या वेळा बरोबर येते म्हणून मुलं तिच्यावर भरवसा ठेवतात आणि नेमकं परीक्षेत ती दगा देते. तिच्यापेक्षा मी खाली सांगते ती पद्धत धरा.

'लुक्स ब्यूटिफुल' बरोबर आणि 'लुक्स ब्यूटिफुली' चूक, असं का? लूक हे क्रियापदच आहे ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यात मराठी माणसाला खरं तर अडचण यायलाच नको, कारण याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे.

इंग्रजीत लूक हे एकच क्रियापद दोन कामं करतं. मराठीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत, दिसणं आणि बघणं. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसत होता, इथे अँग्री हे त्या माणसाला चिकटलंय. 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द डॉग' म्हणजे त्याने कुत्र्याकडे रागाने बघितलं, इथे अँग्रिली हे बघण्याला चिकटलं. दिसणं असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह, बघणं असेल तर अ‍ॅडव्हर्ब.

आता तसंच बाकीचे घ्या. स्वयंपाकघरात उभ्या आहात असं समजा. गॅसवर आमटी उकळतेय, तिचा खमंग वास सुटलाय, 'द आमटी स्मेल्स वंडरफुल'. शेजारी कालचं दूध आहे, ते नासलंय का बघायला तुम्ही पातेलं नाकाशी नेऊन नीट वास घेताय, 'शी स्मेल्ड द मिल्क केअरफुली'. वास येणं आणि वास घेणं, मराठीत किती लख्ख वेगळं आहे बघा. मग आमटी चमच्यात घेऊन जीभ भाजू नये म्हणून जपून चाखली, 'शी टेस्टेड इट केअरफुली', आणि ती खारट लागली, 'इट टेस्टेड सॉल्टी'. चाखणं आणि लागणं. फीलचंही तेच, कापड हाताला मऊ लागतं तेव्हा 'द क्लॉथ फील्स सॉफ्ट', आणि अंधारात भिंत हळूहळू चाचपत आपण बटण शोधतो तेव्हा 'आय फेल्ट द वॉल स्लोली'.

म्हणजे नियम असा झाला की मराठीत जिथे दिसणं, लागणं, वाटणं, वास येणं, होणं, पडणं असं आपोआप घडणारं क्रियापद येतं तिथे इंग्रजीत पुढे अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि जिथे बघणं, चाखणं, वास घेणं, चाचपणं असं कोणीतरी मुद्दाम करतंय तिथे अ‍ॅडव्हर्ब. बी, बिकम, सीम, रिमेन, स्टे हे कायम पहिल्या गटात. ग्रो, टर्न, गेट, गो, अपिअर हे दोन्हीकडे जातात, म्हणून त्यांना मराठीत करून बघायचं. पान पिवळं पडलं, 'द लीफ टर्न्ड यलो'. तो हळूच वळला, 'ही टर्न्ड स्लोली'. तो शांत दिसत होता, 'ही अपिअर्ड क्वाएट'. तो अचानक उगवला, 'ही अपिअर्ड सडनली'. आणि ते दूध शेवटी खराब झालेलंच निघालं तर 'द मिल्क हॅज गॉन बॅड', बॅडली नाही.

अजून खात्री करायची असेल तर क्रियापद काढून तिथे इज किंवा वॉज ठेवून बघा. 'इट टेस्टेड सॉल्टी' चं 'इट वॉज सॉल्टी' केलं तरी अर्थ जवळपास तोच राहतो, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह. 'शी टेस्टेड इट केअरफुली' मध्ये वॉज घातलं तर वाक्यच मोडतं.

एक सांगायचं राहिलं, दिसण्याच्या वाक्यातसुद्धा अ‍ॅडव्हर्ब येऊ शकतं. 'ही सडनली लुक्ड टायर्ड', टायर्ड तो आहे, आणि अचानक झालं ते थकलेलं दिसणं. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर.

मग 'आय फील बॅड' की 'आय फील बॅडली'?

वाईट वाटतंय. वाटतंय, म्हणजे बॅड. 'आय फील बॅड अबाउट इट'. काही जण जास्त शुद्ध दिसावं म्हणून बॅडली लिहितात, विशेषतः अमेरिकेतली काही माणसं तसं बोलतातही, पण परीक्षेत आणि ऑफिसात बॅडच लिहा.

गुड आणि वेल मध्ये नेहमी गोंधळ होतो.

गुड विशेषण, वेल त्याचं क्रियाविशेषण, गुडली असा शब्द वापरत नाहीत. 'शी इज अ गुड सिंगर, शी सिंग्ज वेल'. इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ होतो तो वेल कधीकधी स्वतःच विशेषण होतं म्हणून, आणि तेव्हा त्याचा अर्थ तब्येतीने बरा असा असतो. 'माय ग्रँडमदर इज नॉट वेल', आजीला बरं नाहीये. म्हणून 'यू लूक गुड' म्हणजे छान दिसतेस आणि 'यू लूक वेल' म्हणजे तब्येत चांगली दिसतेय, दोन्ही बरोबर, म्हणणं वेगळं. आजारपणातून उठलेल्या माणसाला दुसरं म्हणा.

आणि परीक्षेबद्दल सांगताना 'आय डिड गुड इन द एक्झाम' लिहू नका. डू गुड म्हणजे लोकांचं भलं करणं, चार चांगली कामं करणं. पेपर चांगला गेला तर 'आय डिड वेल'. हाउ आर यू ला 'आय अ‍ॅम गुड' हल्ली सर्रास म्हणतात, त्यात काही चूक नाही, 'फाइन' आणि 'वेल' पण चालतं.

हार्ड आणि हार्डली एकच ना?

नाही, नाही, अजिबात नाही, आणि हे मी जरा सविस्तर सांगते कारण यात खरंच नुकसान होतं.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, डिप्लोमा झालेला, खूप मेहनती, पहाटे वडिलांबरोबर दुधाच्या रतिबाला जायचा आणि मग क्लासला. त्याने एका कंपनीत अर्ज पाठवला आणि पाठवून झाल्यावर मला दाखवायला आणला. सुबक टाइप केलेला, एक चूक नाही, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'आय ऑलवेज वर्क हार्डली'. त्याला म्हणायचं होतं मी नेहमी कष्ट करतो. त्या वाक्यातून निघत होतं मी काम करतो न करतो. हार्डली म्हणजे जेमतेम, क्वचित, जवळजवळ नाहीच. त्याने नियम बरोबर लावला होता, वर्क हे क्रियापद आहे, म्हणून शेवटी एलवाय, म्हणजे 'ली', लावला, आणि मी त्याला ही जोडी वेगळी म्हणून कधी शिकवलीच नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्या पहिल्या आठवड्यातच शिकवून होते.

मेहनतीने या अर्थाचं क्रियाविशेषण हार्डच. 'ही वर्क्स हार्ड', तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स', तो काही करतच नाही. आणि हार्डली मध्येच 'नाही' हा अर्थ आहे, म्हणून त्याच्याबरोबर परत नॉट लावायचा नाही, 'आय कॅन हार्डली हिअर यू' एवढं पुरे.

अशा अजून जोड्या आहेत का?

आहेत, आणि पाठच कराव्या लागतात, पण नुसती यादी पाठ केली की आठवड्यात विसरते म्हणून प्रत्येकीला एक प्रसंग जोडून ठेवा.

लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. 'ही केम लेट' तो उशिरा आला, 'आय हॅवन्ट सीन हिम लेटली' तो हल्ली दिसला नाही. निअर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, 'आय निअरली फेल' म्हणजे पडता पडता वाचले. हाय म्हणजे उंच, 'द काइट फ्लू हाय', आणि हायली म्हणजे फार, 'हायली एज्युकेटेड'. डीप खोल खणण्याला, 'दे डग डीप', आणि डीपली मनाला लागण्याला, 'डीपली हर्ट'.

फ्री आणि फ्रीली साठी मी एसटीचं उदाहरण देते. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आहे, ते इंग्रजीत सांगायचं तर 'दे ट्रॅव्हल फ्री'. 'दे ट्रॅव्हल फ्रीली' म्हटलं तर अर्थ होतो कोणाची आडकाठी नाही, हवं तिथे मोकळेपणाने फिरतात. तिकीट लागतं की नाही हे त्यात कळतच नाही.

आणि शॉर्टली. हा आपल्याकडे हमखास चुकतो. थोडक्यात सांगा याचं भाषांतर मुलं 'एक्स्प्लेन शॉर्टली' असं करतात. शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात, रेल्वे स्टेशनवर गाडी येण्याआधी घोषणा होते त्यात हा शब्द ऐकला असेल, गाडी थोडक्यात येत नाही, थोड्या वेळात येते. थोडक्यात साठी ब्रीफली किंवा इन शॉर्ट.

'फास्टली' हा शब्द बरोबर आहे का? सगळे वापरतात.

प्रमाण इंग्रजीत नाही. फास्ट हे विशेषणही आणि क्रियाविशेषणही, 'अ फास्ट बोलर' आणि 'ही बोल्स फास्ट'. एलवाय हवाच असेल तर क्विकली किंवा रॅपिडली घ्या.

पण फास्ट, हार्ड, लेट यांनाच एलवाय का नाही? काही कारण आहे की उगाच?

कारण आहे, आणि मला ते फार आवडतं. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक छोटा स्वर जोडला की त्याचं क्रियाविशेषण व्हायचं. म्हणजे तेव्हा दोन रूपं वेगळी होती. पुढे काही शतकांत शब्दांच्या शेवटचे असले स्वर बोलता बोलता झिजून गेले, आणि स्वर गेल्यावर दोन्ही रूपं सारखीच दिसायला लागली. फास्ट आणि हार्ड ही त्यातली आजवर टिकलेली.

एलवाय ची गोष्ट वेगळी. तो मूळचा 'लिक' असा शब्द, अर्थ शरीर, रूप, आणि लाइक म्हणजे सारखा हा शब्दही त्याच कुळातला. त्यापासून विशेषणंही व्हायची आणि शेवटी स्वर जोडून क्रियाविशेषणंही, झीज झाल्यावर दोघांचा शेवट एलवाय असाच उरला. म्हणूनच आज एलवाय दिसला की क्रियाविशेषण असं डोळे मिटून म्हणता येत नाही, फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा, आणि ते विशेषण आहे.

म्हणजे एलवाय असलेले पण अ‍ॅडजेक्टिव्ह असतात? कोणते?

फ्रेंडली, लव्हली, लोनली, लाइव्हली, सिली, अग्ली, एल्डरली, काउअर्डली, मदरली, कॉस्टली, डेडली. बऱ्याचदा मूळ शब्द नाम असेल, फ्रेंड, मदर, कॉस्ट, आणि त्याला एलवाय लागला असेल तर विशेषण होतं. मूळ शब्दच विशेषण असेल, स्लो, क्विक, सॅड, तर क्रियाविशेषण. शंभर टक्के लागू नाही पण हाताशी ठेवायला चांगलं.

आता 'ही स्पोक फ्रेंडली' असं लिहायचं नाही. 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' असं फोडून लिहायचं. टाइमली पण विशेषण आहे, 'टाइमली हेल्प' वेळेवर मिळालेली मदत, पण वेळेवर ये म्हणायला 'कम ऑन टाइम'. डेली, वीकली, मंथली, अर्ली हे दोन्हीकडे चालतात, 'अ डेली पेपर' आणि 'इट कम्स डेली'.

'आय फाउंड द पेपर ईझी' आणि 'आय फाउंड द पेपर ईझिली', यातलं बरोबर कुठलं?

दोन्ही. पहिल्याचा अर्थ मला पेपर सोपा वाटला, दुसऱ्याचा अर्थ पेपर कुठे ठेवला होता तो मला पटकन सापडला. परीक्षेहून घरी आल्यावर आईला सांगायचं असेल तर पहिलं.

इथे ईझी हे पेपरला चिकटलंय, फाउंडला नाही. मेक, कीप, फाइंड, पेंट अशा क्रियापदांमध्ये आधी कर्म येतं आणि मग त्या कर्माचं काय झालं ते सांगणारं विशेषण येतं. आजी पोळी पातळ लाटते, लाटून झाल्यावर पातळ कोण झालं, पोळी, म्हणून 'शी रोल्स द पोळी थिन'. खोली स्वच्छ ठेव, 'कीप द रूम क्लीन'. भिंत पांढरी रंगवली, 'पेंटेड द वॉल व्हाइट'. आणि मराठी इथे साथ देते, पोळी पातळ, खोली स्वच्छ, भिंत पांढरी, वस्तूचा शेवट कसा झाला हे विशेषणच सांगतं. पण भिंत काळजीपूर्वक रंगवली असेल तर भिंत काळजीपूर्वक झाली नाही, रंगवणं झालं, 'पेंटेड द वॉल केअरफुली'.

यावरून अजून एक गोष्ट, मराठीत शब्दाच्या शेवटी पूर्वक, पणे किंवा ने लावून बोलता येत असेल, काळजीपूर्वक, शांतपणे, आनंदाने, तर इंग्रजीत जवळजवळ नेहमी एलवाय वाला शब्द लागतो.

नामाच्या आधी दोन शब्द असले तर? दोन्ही अ‍ॅडजेक्टिव्ह ठेवायचे ना?

दोन्ही नामाला चिकटले असतील तरच. 'अ न्यू रेड कार', नवीन पण गाडी आणि लाल पण गाडी. पण मराठीत आपण 'चांगली मोठी खोली' म्हणतो तेव्हा खोली चांगली आहे असं सांगत नसतो, चांगलीच मोठी आहे असं सांगत असतो, चांगली हे मोठीला चिकटलंय. तिथे 'अ गुड बिग रूम' न करता 'अ फेअर्ली बिग रूम' करायचं. नवीन बांधलेलं घर याचंही तसंच, नवीन आहे ते बांधणं, 'अ न्यूली बिल्ट हाउस', न्यू बिल्ट नाही. सुंदर सजवलेला मंडप, 'अ ब्यूटिफुली डेकोरेटेड मंडप'. अशा वेळी एलवाय वाल्या शब्दानंतर जोडरेघ देत नाहीत. वेल मात्र नामाच्या आधी जोडरेघेने येतो, 'अ वेल-नोन डॉक्टर'.

रिअल आणि रिअली पण इथेच. 'रिअल गुड' अमेरिकन बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना 'रिअली गुड'.

बायोडेटामध्ये 'आय स्पीक फ्लुएंट इंग्लिश' लिहू की 'आय स्पीक इंग्लिश फ्लुएंटली'?

कुठलंही लिहा, दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात फ्लुएंट हे इंग्लिशला चिकटलंय, दुसऱ्यात बोलण्याला. चुकतं ते तिसरं, 'आय स्पीक फ्लुएंटली इंग्लिश', कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असं क्रियाविशेषण घुसवत नाहीत. मराठीत आपण 'मी अस्खलित इंग्रजी बोलते' म्हणतो, तोच क्रम उचलला जातो. क्रियापद, मग कर्म, मग कसं ते.

'थिंक डिफरंट' अशी एवढ्या मोठ्या कंपनीची जाहिरात होती, मग ते चूक कसं?

अ‍ॅपलची ती १९९७ ची घोषणा, आणि तेव्हापासून यावर वाद घालणारे आहेत. नियमाने वेगळ्या पद्धतीने विचार करा म्हणायचं तर थिंक डिफरंटली. पण 'थिंक बिग' असंही इंग्रजीत म्हणतात, तिथे बिग म्हणजे कसा विचार करायचा यापेक्षा कशाचा विचार करायचा हे जास्त आहे, आणि डिफरंट तसंच वाचता येतं. जाहिरातीला ती मोकळीक आहे आणि माझ्या मते ती घोषणा डिफरंटली पेक्षा चांगली वाजते. तुमच्या उत्तरपत्रिकेला मात्र ती मोकळीक नाही, तिथे डिफरंटलीच.

घाटात पाटीवर 'गो स्लो' असतं ते मात्र बिनधास्त बरोबर आहे. स्लो हे क्रियाविशेषण म्हणून जुन्या काळापासून चालत आलंय, छोट्या आज्ञेत ते छान बसतं. सविस्तर वाक्यात स्लोली लिहा.

तुलना करताना काय करायचं?

एलवाय वाल्या क्रियाविशेषणाला मोअर, 'शी स्पीक्स मोअर फ्लुएंटली दॅन मी'. फास्ट, हार्ड, लेट यांना ईआर, 'ही रन्स फास्टर'. बेटर हे गुड आणि वेल दोघांचंही, वर्स हे बॅड आणि बॅडली दोघांचंही, त्यामुळे तिथे निवडायचा प्रश्नच उरत नाही. मोअर बेटर कधीच नाही.

एलवाय लावताना स्पेलिंग चुकतं.

शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो, हॅपी चं हॅपिली. जेंटल सारखा शेवट असेल तर शेवटचा ई जाऊन त्या जागी वाय येतो, जेंटली. ब्यूटिफुल ला एलवाय लागतो तेव्हा आधीचा एल राहतो, म्हणून दोन एल, हे सगळ्यात जास्त कापलं जातं. आयसी ने संपणाऱ्यांना एएलएलवाय लागतो, बेसिकली, अपवाद पब्लिकली. ट्रू चं ट्रूली होताना ई जातो.

'ही रीच्ड होम सेफ' असं एका बातमीत वाचलं. सेफली हवं ना?

दोन्ही चालतं. सेफ म्हटलं की घरी पोचला तेव्हा तो सुखरूप होता, सेफली म्हटलं की पोचणं सुरक्षित झालं. 'शी केम होम टायर्ड' हेही असंच, थकलेली ती आहे, येण्याची पद्धत थकलेली नाही. मराठीत 'ती दमून घरी आली' म्हणतो, तो दमलेपणा बाईचाच असतो.

चूक शोधा या प्रकारात नक्की कुठे बघायचं?

आधी क्रियापद बघा. लूक, टेस्ट, स्मेल, फील, साउंड असेल आणि पुढे एलवाय असेल तर थांबा आणि मराठीत करून बघा, 'द आमटी टेस्ट्स डिलिशसली' अशी वाक्यं तिथे पेरलेली असतात. मग विशेषणाच्या आधीचा शब्द बघा, 'इट वॉज अनयूज्वल हॉट' मध्ये अनयूज्वली हवं. मग हार्डली, लेटली, निअरली शोधा. मग गुड. एवढं केलं तरी या विषयावरचे बरेचसे प्रश्न हातात येतात.

घरी करायला चार वाक्यं द्या ना.

घ्या. हापूसच्या पेटीला गोड वास येतोय, 'द बॉक्स स्मेल्स', पुढे स्वीट की स्वीटली? बस अचानक थांबली, 'द बस स्टॉप्ड', सडन की सडनली? महाबळेश्वरला आश्चर्य वाटावं इतकी थंडी होती, 'इट वॉज', सरप्रायझिंग कोल्ड की सरप्रायझिंगली कोल्ड? तिने दार घट्ट बंद केलं आणि मुलं गप्प राहिली, 'द चिल्ड्रन रिमेन्ड', सायलेंट की सायलेंटली?

उत्तरं. वास येतोय, घेत नाहीये, म्हणून स्वीट. थांबणं अचानक झालं, सडनली. आश्चर्य थंडीच्या प्रमाणाचं, ते कोल्डला चिकटलं, सरप्रायझिंगली. आणि शेवटच्यात गप्प मुलं आहेत, सायलेंट.